पुण्याची न झालेली पोटनिवडणूक : एक प्रकरण अभ्यास

२९ मार्च २०२३ रोजी पुण्याचे भाजप खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. त्याच दिवशी दिल्लीत निवडणूक आयोगाने कर्नाटक विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यासोबत पंजाबातल्या जालंधर लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूकही. जालंधरचे खासदार १४ जानेवारीला गेले होते. १० मे रोजी तिथे मतदान झालं, म्हणजे चार महिन्यांच्या आत जागा भरली. पुण्याची जागा भरायला ४ जून २०२४ उजाडावा लागला, तोही सार्वत्रिक निवडणुकीच्या निकालाने. मधले चौदा महिने वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ या सहा विधानसभा क्षेत्रांतल्या सुमारे २० लाख मतदारांचं लोकसभेत कुणीच नव्हतं.

निवडणुका निकोप व्हाव्यात म्हणून धडपडणारी माणसं पुण्यात कमी नाहीत. कुणी कॉलेजांत जाऊन नव्या मतदारांच्या नोंदणीचा फॉर्म ६ भरून घेतं, कुणी यादीतून गळलेली नावं शोधतं, कुणी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचून त्यांचा गोषवारा लोकांपुढे ठेवतं. हे सगळं काम मोलाचं आहे. पण ते निवडणूक जाहीर झाल्यावर, किंवा होणार हे गृहीत धरून सुरू होतं. निवडणूक घेतलीच गेली नाही तर काय करायचं, याची तयारी आपल्यापैकी फारशी कुणाकडे नव्हती. म्हणून हे प्रकरण तारखांसकट मांडते आहे.

कायद्यात काय आहे

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १५१अ हे १९९६ च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी रिकामी जागा किती दिवसांत भरायची याला कायद्यात मुदत नव्हती. आता आहे : जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक. सूट दोनच. पहिली, त्या सदस्याच्या मुदतीतला उरलेला काळ एक वर्षाहून कमी असेल तर. दुसरी, सहा महिन्यांत निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर.

सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ ला संपणार होती. बापट गेले तेव्हा तिचे साडेचौदा महिने शिल्लक होते. त्यामुळे आयोगाने दुसऱ्या सवलतीचा आधार घेतला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी प्रमाणपत्र निघालं. कारणं दोन. एक, मार्चपासून आयोग इतर निवडणुकांत आणि २०२४ च्या लोकसभेच्या तयारीत गुंतलेला आहे. दोन, आता निवडणूक घेतली तरी निवडून येणाऱ्याला जेमतेम तीन-चार महिने मिळतील.

ही कारणं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. ती कॅलेंडरसमोर धरून वाचावीत, म्हणजे त्यांचं वजन कळतं.

याच कायद्याच्या कलम ३० मध्ये निवडणुकीचं वेळापत्रक बांधून दिलेलं आहे. अधिसूचना निघाल्यावर सातव्या दिवशी अर्ज भरण्याची मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत, आणि माघारीनंतर किमान चौदाव्या दिवशी मतदान. एकूण चोवीस दिवस. सुट्ट्या आल्या तर तारखा एखाद-दोन दिवस पुढे सरकतात, एवढंच. आता २३ ऑगस्टपासून मोजा. त्या दिवशी प्रमाणपत्राऐवजी अधिसूचना निघाली असती तर ३० ऑगस्टला अर्ज, ३१ ला छाननी, २ सप्टेंबरला माघार आणि १६ सप्टेंबरच्या शनिवारी मतदान होऊ शकलं असतं. सहा महिन्यांची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. म्हणजे ज्या दिवशी 'अवघड' असं लिहिलं गेलं, त्या दिवशीही कायद्याचं वेळापत्रक मुदतीत बसत होतं.

कुणी म्हणेल, १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. तीन दिवस आधी पुण्यात मतदान ठेवायला कुठला पोलीस अधिकारी तयार होईल? मान्य. पुण्याचा बंदोबस्त काय असतो ते आपण जाणतो. पण मग तो निर्णय मे-जूनमध्ये व्हायला हवा होता आणि मतदान जुलैत. गणपती कधी येणार हे वर्षभर आधी ठाऊक असतं.

पहिल्या कारणाचं उत्तर आयोगाच्याच कामात सापडतं. प्रमाणपत्राच्या पंधरा दिवस आधी, ८ ऑगस्टला, आयोगाने सहा राज्यांतल्या सात विधानसभा जागांच्या पोटनिवडणुका जाहीर केल्या आणि ५ सप्टेंबरला त्यांचं मतदान घेतलं. त्यांत केरळमधली पुथुपल्ली होती. तिथले आमदार ओमन चंडी यांचं निधन १८ जुलैला झालं होतं. पुणे मार्चपासून रिकामं, पुथुपल्ली जुलैपासून. पुथुपल्लीला सात आठवड्यांत मतदान झालं. लोकसभेची जागा मोठी असते, केंद्रं आणि कर्मचारी कितीतरी पटींनी लागतात, हा फरक खरा आहे. पण जालंधरही लोकसभेचीच जागा होती, आणि ती तर कर्नाटकसारख्या मोठ्या राज्याच्या निवडणुकीबरोबर, एकाच दिवशी पार पडली. पुढे नोव्हेंबरात मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोरम या राज्यांत मतदान झालं. महाराष्ट्राची यंत्रणा त्यांपैकी कुठलीही निवडणूक घेत नव्हती.

दुसऱ्या कारणाला २०१८ चं उदाहरण पुरेसं आहे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा, बळ्ळारी आणि मंड्या या तीन लोकसभा जागा मे २०१८ मध्ये रिकाम्या झाल्या. लोकसभेची मुदत ३ जून २०१९ ला संपत होती, म्हणजे वर्षाला जेमतेम दोन आठवडे जास्त. तरीही आयोगाने ३ नोव्हेंबर २०१८ ला तिथे मतदान घेतलं. जागा रिकामी झाली तेव्हा वर्षाहून अधिक काळ शिल्लक होता, म्हणून निवडणूक घेणं भाग आहे, अशीच तेव्हाची भूमिका होती. त्याच वेळी आंध्रातल्या पाच जागा, त्या जूनमध्ये रिकाम्या झाल्यामुळे, सोडून दिल्या गेल्या. काही दिवसांच्या फरकावर इतका काटेकोर हिशोब करणाऱ्या संस्थेला पुण्याचे साडेचौदा महिने तोकडे वाटावेत, हे मला पटत नाही. आणि तीन-चार महिनेच उरणार होते ते कशामुळे? मार्चपासून काही हाललं नाही म्हणून.

पुणे एकटं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. चंद्रपूर, अंबाला आणि गाझीपूर या रिकाम्या झालेल्या लोकसभा जागांवरही पोटनिवडणूक झाली नाही. चंद्रपूरचे बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले; तिथे एक वर्षाची रेघ काठावर पार होत होती.

दुभंगलेल्या वातावरणात हा प्रश्न कुणी विचारायचा?

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादीत फूट पडली. बापट स्वतः ज्या कसब्यातून पाच वेळा आमदार झाले, तिथल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या निधनाच्या महिनाभर आधी, २ मार्चला, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास ११ हजार मतांनी निवडून आले होते. त्यामुळे लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं नाव काढलं की समोरचा माणूस आधी तुमचा पक्ष शोधायचा. निवडणूक घ्या म्हणणारा तो काँग्रेसवाला, आणि चार महिन्यांसाठी एवढा खर्च कशाला म्हणणारा तो भाजपवाला, अशी विभागणी होऊन गेली होती.

मतदार नोंदणीच्या टेबलावर बसलं की हे समोरासमोर कळतं. एखादे काका फॉर्म भरून देतात, फोटो चिकटवतात, आणि निघताना हळूच विचारतात, "ताई, पण तुम्ही कुणाकडून?" "कुणाकडूनच नाही, काका" असं सांगितलं तर ते हसतात. त्यांना ते खरं वाटत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गेल्या काही वर्षांत त्यांच्या दारात जो आला तो कुणाकडून तरीच आला आहे. अशा वेळी पोटनिवडणुकीचा विषय काढला की टेबलाभोवतीचे लोक दोन बाजूंना सरकतात. पुष्कळ गटांनी तो काढायचंच टाळलं. आपल्यावर शिक्का बसला तर नोंदणीचं कामही हातचं जाईल, ही भीती खोटी नव्हती.

पक्षांचीही अडचण होती, फक्त ती वेगळी. विरोधकांनी मागणी केली की ती कसब्याच्या विजयाची पुढची पायरी वाटायची. सत्ताधाऱ्यांना आपल्याच खासदाराच्या जागी घाईने उभं राहण्यात फायदा दिसत नव्हता. खरा प्रश्न जिंकणार कोण हा नव्हताच. जागा रिकामी ठेवण्याचा अधिकार कुणाला आहे, हा होता. तो प्रश्न विचारायला कुठल्याच बाजूचा नसलेला माणूस हवा होता. तो निघाला. पुण्यातल्या एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल करून प्रमाणपत्राला आव्हान दिलं.

या याचिकेची बांधणी इतर गटांनी बारकाईने पाहावी अशी आहे. मतदार म्हणून माझा प्रतिनिधी मला मिळत नाही, कायद्याने दिलेली मुदत उलटली, सवलतीसाठी दिलेली कारणं त्या सवलतीत बसत नाहीत, आणि पुण्यानंतर रिकाम्या झालेल्या जागा मात्र भरल्या गेल्या, एवढाच तिचा युक्तिवाद. हेतूंवर आरोप करण्याची तिला गरज नव्हती. राज्यघटनेचं कलम ३२९ निवडणुकीच्या चालू प्रक्रियेत न्यायालयांना हात घालू देत नाही, आणि निवडणुकीच्या कित्येक याचिका तिथेच अडतात. इथे प्रक्रिया सुरूच झाली नव्हती. निवडणूक थांबवा अशी मागणी नव्हती, घ्या अशी होती.

देशातल्या नागरी संस्थांचे मोठे विजय याच वाटेने आलेले आहेत. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमच्या प्राध्यापकांनी उभी केलेली असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था उमेदवारांची गुन्हेगारी आणि मालमत्तेची माहिती मागायला न्यायालयात गेली. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती देणं बंधनकारक केलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष तेव्हा एक झाले आणि कायदा बदलून त्यांनी निकाल निष्प्रभ करू पाहिला. १३ मार्च २००३ ला ती तरतूदही रद्द झाली. तिथेही मागणी कुठल्या पक्षाविरुद्ध नव्हती, मतदाराच्या माहितीची होती. म्हणूनच ती टिकली.

१३ डिसेंबर आणि ८ जानेवारी

न्या. गौतम पटेल आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने १३ डिसेंबर २०२३ ला निकाल दिला : प्रमाणपत्र रद्द, पोटनिवडणूक तातडीने घ्या. आयोगाने दिलेली सबब न्यायालयाने विचित्र आणि पूर्णपणे अवाजवी ठरवली. इतर निवडणुकांत व्यग्र असणं हे आयोगाचं कामच आहे, ते न करण्याचं कारण कसं होईल, हा त्यामागचा विचार. मणिपूरसारखी अशांतता असती तर अडचण समजू शकलो असतो, असंही न्यायाधीशांनी सुनावणीत म्हटलं. लोकांना प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, ते घटनेच्या मूळ रचनेलाच मान्य नाही, हा निकालाचा कणा होता.

पुन्हा कॅलेंडर. २० डिसेंबरला अधिसूचना निघाली असती तर १३ जानेवारीला मतदान शक्य होतं. सतराव्या लोकसभेचं शेवटचं अधिवेशन ३१ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२४ असं झालं. पुण्याचा खासदार त्या अधिवेशनात बसू शकला असता.

आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ८ जानेवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली. इतके दिवस निवडणूक का घेतली नाही, हे आयोगाला तिथेही विचारलं गेलं. पण लोकसभेची मुदत जूनमध्ये संपते आहे, आता निवडणूक घेण्यात अर्थ उरलेला नाही, हे मान्य झालं. कायद्याचा मुद्दा नंतर ऐकायचं ठरलं. पुण्यापुरता विषय तिथे संपला. १३ मे २०२४ ला पुण्याने सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केलं आणि भाजपचे मुरलीधर मोहोळ सुमारे १ लाख २३ हजार मतांनी निवडून आले.

स्थगितीमागची व्यवहारी बाजू मला कळते. पण तिचा परिणाम असा की दिरंगाई पुरेशी लांबली की ती स्वतःच स्वतःचं समर्थन होते. उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा सहा महिन्यांची मुदत उलटून अडीच महिने झाले होते. निर्दोष युक्तिवाद जिंकला आणि तारखेने हरला.

चौदा महिन्यांत काय गेलं

ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरवरून सरकारवर अविश्वास ठराव आला. २० सप्टेंबरला लोकसभेने महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं. २० डिसेंबरला भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांची जागा घेणारी तीन फौजदारी विधेयकं लोकसभेत संमत झाली. स्त्रीशिक्षणाचा वारसा सांगणाऱ्या शहराचं महिला आरक्षणाच्या मतदानात एकही मत नव्हतं. ते मत कुठल्या पक्षाचं असतं याने काही फरक पडत नाही.

याशिवाय रोजचं. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात. सुचवणाराच नसेल तर नवं काम निघत नाही. ऑपरेशनसाठी पंतप्रधान मदत निधीचा अर्ज करायचा असतो तेव्हा खासदाराच्या शिफारसपत्राचा आधार वाटतो. राज्यसभेचे सदस्य शहरात होते, ते पत्रं देतही असतील. पण दवाखान्यातून धावत आलेल्या माणसाला आधी हे सांगावं लागायचं की तुमच्या भागाला सध्या खासदार नाही.

आणि पुण्यात तेव्हा नगरसेवकही नव्हते. महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक आले. ती निवडणूक ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात अडकली आणि मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे २०२३ च्या पावसाळ्यात नागरिकाने गाऱ्हाणं घेऊन जायचं ते फक्त आमदाराकडे, नाहीतर अधिकाऱ्याकडे. महापालिकेच्या निवडणुका मुदत संपण्याआधी व्हाव्यात असं घटनेचं कलम २४३यू सांगतं. दोन वेगळ्या कायद्यांतल्या दोन स्पष्ट मुदती एकाच शहरात एकाच वेळी मोडल्या, आणि आपण रस्त्यावरच्या खड्ड्यांवर भांडत राहिलो.

पुढच्या वेळी

जागा रिकामी होणारच. माणसं जातात, राजीनामे देतात, अपात्र ठरतात. मतदारांच्या गटांनी त्या दिवशी मुदतीची तारीख काढून ठेवावी. दुसऱ्या महिन्यात माहिती अधिकारात आयोगाकडे आणि केंद्रीय विधी मंत्रालयाकडे अर्ज टाकावा : कलम १५१अ खाली विचारविनिमय सुरू झाला आहे का, पत्रव्यवहाराच्या प्रती द्या. उत्तराला तीस दिवस लागतात, अपिलाला आणखी. चौथा महिना सरेपर्यंत अधिसूचनेची चाहूल नसेल तर याचिका तेव्हाच दाखल करावी. प्रमाणपत्राची वाट पाहू नये, कारण ते कधी येईल हे कायद्यात ठरलेलं नाही. याचिका मतदाराच्या नावावर असावी आणि तिच्यात कोण जिंकेल याचा शब्द नसावा. शक्य असेल तर वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे चार मतदार सह्या करायला बसवावेत. दुभंगलेल्या गावात त्या चार सह्यांना फार किंमत आहे.

एक वर्षाची मोजणीही अजून गोंधळाची आहे. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अकोला पश्चिमची जाहीर झालेली पोटनिवडणूक रद्द केली, कारण निवडून येणाऱ्याला वर्षाहून कमी काळ मिळणार होता. उरलेला काळ जागा रिकामी झाल्यापासून मोजायचा की निकाल लागल्यापासून? दुसरा हिशोब धरला तर निवडणूक लांबवणाऱ्यालाच सूट मिळते.

आणि प्रमाणपत्र देताना केंद्र सरकारचा सल्ला घेण्याची जी अट आहे, तिच्यावर आपल्या खासदारांना थेट विचारायला हवं. ज्या पक्षाची सत्ता आहे, त्याच्याशी बोलून निवडणूक घ्यायची की नाही ते ठरवायचं, ही तरतूद कुठल्याही पक्षाच्या राजवटीत धोक्याची आहे. प्रमाणपत्र कधीपर्यंत काढायचं, ते लोकांसमोर कसं ठेवायचं, याबद्दल कलमात एक अक्षर नाही. ते मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी, पूर्ण कारणांसह, आयोगाच्या संकेतस्थळावर यावं, आणि सल्ल्याची अट काढून टाकावी, ही मागणी सगळ्या पक्षांकडे लेखी न्यायची आहे.